गाडी परदेशी पाहुण्याला विकली, आरसीवर नाव मात्र आपलेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या बार्देश-पेडण्यात जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक येऊ लागते. थंडीचे पाच-सहा महिने राहायला येणारे परदेशी पाहुणे, आणि आता वर्षभर मुक्काम करणारेही, रोजच्या भाड्याची गाडी फार दिवस वापरत नाहीत. सीझनभर जेवढे भाडे जाईल तेवढ्यात जुनी अल्टो किंवा बुलेट विकतच मिळते, हा हिशेब त्यांनी पहिल्या आठवड्यातच केलेला असतो. मी म्हापशात जनरल इन्शुरन्सचे काम करते, त्यातही मुख्यतः वाहन विम्याचे. हे व्यवहार मला रोज दिसतात. त्यातले बरेचसे विम्यापर्यंत पोचतच नाहीत आणि अपघात झाला की मग माणसे कागद घेऊन माझ्याकडे धावत येतात. हे थांबावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

परदेशी नागरिकाने गोव्यात गाडी विकत घेणे बेकायदा नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. इथे बहुतेकांना ते बेकायदाच वाटते. जमीन आणि घराच्या बाबतीत परदेशी नागरिकांवर फेमा या परकीय चलनविषयक कायद्याची बंधने आहेत आणि त्यावरून गोव्यात बराच गदारोळ झाला, तेव्हापासून लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात. मोटार ही जंगम वस्तू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मालक भारतीयच असला पाहिजे अशी अट नाही. पासपोर्ट, चालू व्हिसा, राहत्या जागेचा पुरावा आणि विमा असला तर गाडी त्याच्या नावावर व्हायला हवी. प्रत्यक्षात ती होत नाही, कारण नावावर करण्याची वाट इतकी अडचणीची झाली आहे की विकणारा, घेणारा आणि मधला एजंट तिघेही ती टाळतात.

टाळतात कसे, तेही सांगते. गाडीबरोबर एक प्लास्टिकचे फोल्डर मिळते. त्यात आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पीयूसी, बहुधा संपत आलेली पॉलिसी आणि ‘टीटीओचा सेट’, म्हणजे मालकी हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30. विकणाऱ्याने सगळीकडे सह्या केलेल्या, चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला छाप चिकटवलेला, आणि घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख या जागा कोऱ्या. गेल्या सीझनला माझ्यासमोर आलेल्या एका फोल्डरमधल्या सह्यांची शाई पिवळी पडली होती, कागद घड्यांवर फाटून सेलोटेपने जोडला होता. बुलेट तोवर तीन देशांच्या माणसांनी चालवून पुढे विकली होती. प्रत्येकाने तेच फोल्डर दुसऱ्याच्या हातात दिले. समोर बसलेल्या मुलीला वाटत होते की सही केलेले फॉर्म हातात आहेत म्हणजे गाडी तिचीच. आरसीवर नाव होते शिवोलीतल्या एका गृहस्थाचे, आणि त्यांच्या लेखी ती बुलेट केव्हाच विकून झाली होती.

कायद्याच्या लेखी ती विकून झालेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक. यावर शंका राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018 चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल प्रत्येक विकणाऱ्याने माहीत करून घ्यावा. त्या प्रकरणात मोटार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. 2009 मध्ये तिच्या धडकेने अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मालकाची. अपघातग्रस्ताने एकेका खरेदीदाराचा माग काढत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही. अपघातग्रस्ताच्या बाजूने पाहिले तर हे अगदी न्याय्य आहे. पण आपल्या गावातल्या विकणाऱ्याला त्याची कल्पनाच नसते.

माझे एक जुने ग्राहक, पेडणे तालुक्यातले निवृत्त शिक्षक, यांनी आपली छोटी मोटार एका परदेशी तरुणाला एजंटमार्फत विकली. पैसे रोख मिळाले, फॉर्मवर सह्या झाल्या, एजंट म्हणाला, “मास्तर, बाकीचं मी बघतो.” पुढे पॉलिसीची मुदत संपली आणि ती कोणी चालू ठेवली नाही. त्यानंतर रात्रीच्या वेळी त्या मोटारीची धडक बसून एका स्कूटरवाल्याचा पाय मोडला. चालवणारा त्या वेळी कोण होता हेसुद्धा धड कळले नाही. मूळ खरेदीदार आपल्या देशी परतला होता आणि जाताना गाडी मित्राला देऊन गेला होता. मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस मास्तरांच्या घरी आली. ते ती घेऊन माझ्याकडे आले आणि एकच विचारत राहिले, “बाय, गाडी विकून दोन सीझन झाले, मला कशाला बोलावतात?” पत्नीच्या औषधपाण्याला ठेवलेली ठेव मोडावी लागेल की काय, ही धास्ती घेऊन ते आज तारखा करत आहेत. जखमी झालेला पोरगाही रोजंदारीवर काम करणारा. त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. दोघांचीही बाजू खरी आहे आणि ज्याने गाडी घेतली तो या सगळ्यात कुठेच नाही.

आता विम्याची बाजू, जी लोकांना सर्वात कमी माहीत असते. गाडी विकली की कलम 157 प्रमाणे तिचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा, नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे मानले जाते. मात्र हे फक्त थर्ड पार्टीपुरते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, ज्याला आम्ही ओन डॅमेज म्हणतो, तो आपोआप जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ती केली नाही आणि गाडी झाडावर आदळली, तर दावा फेटाळला जातो. विकणाऱ्याचा गाडीत हितसंबंध उरलेला नसतो आणि घेणाऱ्याचे नाव पॉलिसीवर नसते. अशा वेळी मी कितीही धावपळ केली तरी काही करता येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तर गाडीचा नसतोच, तो माणसाचा असतो. तो विकणाऱ्याकडे राहतो.

थर्ड पार्टी चालू असली तरी धोका संपत नाही. चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचा वैध परवाना नसेल तर कंपनी जखमीला भरपाई देते आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा आदेश मिळवते. मालक म्हणजे पुन्हा आरसीवरचा. परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत हे फार वेळा घडण्यासारखे आहे. त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना असला तरी तो वर्षभराचाच असतो, तो त्यांच्या देशातून आणावा लागतो, आणि त्यावर कोणत्या प्रकारच्या वाहनासाठी शिक्का आहे हे कोणी उघडून पाहत नाही. मी पाहते. मोटारीच्या रकान्यात शिक्का आणि मोटारसायकलचा रकाना कोरा, असे परवाने घेऊन माणसे बुलेट चालवत असतात. आपल्या देशात त्यांनी दुचाकीला कधी हातही लावलेला नसतो आणि इथे हणजुण्याच्या अरुंद रस्त्यांवर रात्री शिकत असतात. त्यांच्या जिवाचीही मला काळजी वाटते. पंधरा लाखांचे जे सक्तीचे वैयक्तिक अपघात कवच असते ते मालक-चालकाचे, म्हणजे नोंदणीवर नाव असलेल्या आणि परवाना असलेल्या माणसाचे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर चालवणाऱ्या पाहुण्याला ते लागू होत नाही. तो गेला तर त्याच्या घरच्यांना त्यातला एक रुपयाही मिळणार नाही, आणि गाडी घेताना हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे सगळे पैसे वाचवण्यासाठी चालते म्हणावे तर तसेही नाही. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्याचे वय, देश किंवा अनुभव यांवर नाही. दर केंद्र सरकार जाहीर करते. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, त्यापुढे 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये, आणि साडेतीनशेच्या आतल्या बुलेटला 1,366 रुपये, वर जीएसटी. युरोपातून आलेल्या माणसाला हे आकडे सांगितले की तो दोनदा विचारून खात्री करून घेतो, कारण त्याच्याकडे नवख्या परदेशी चालकाला गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा हप्ता सांगितला जाऊ शकतो. बहुतेकजण म्हणतात, मग आजच करून द्या. घ्यायला ते तयार असतात. विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा पकडले तर दंडच दोन हजारांचा आहे, म्हणजे अल्टोच्या वर्षाच्या हप्त्याएवढा.

आणखी एक सोय आहे, जी आमच्याच धंद्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. परदेशात विनादावा काढलेल्या वर्षांचा पुरावा आणला आणि तिकडची पॉलिसी संपून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली, तर तिकडे मिळवलेला नो क्लेम बोनस इथल्या ओन डॅमेजच्या हप्त्यात देता येतो. मोटार टॅरिफच्या नियमांत ही तरतूद आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी बाहेरून येणाऱ्या माणसाचा विचार कधीकाळी केला होता.

मग अडते कुठे? कांदोळीला दर वर्षी येणारे एक वयस्क ब्रिटिश जोडपे आहे. त्यांना बाजारहाट आणि डॉक्टरकडे जाण्यापुरती छोटी मोटार हवी होती आणि सगळे स्वतःच्या नावावर हवे होते. “आमच्यामुळे दुसऱ्या कोणाला त्रास नको,” असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. आजोबांनी सगळे कागद क्रमाने लावून आणले होते : पासपोर्ट, व्हिसा, घरमालकाशी केलेला नोटरी केलेला करार, वीजबिल, आंतरराष्ट्रीय परवाना. एका कार्यालयात त्यांना सांगितले गेले की आधार आणा. दुसरीकडे सांगितले की पोलिसांकडून राहत्या पत्त्याचा दाखला आणा. दाखला मागायला गेले तर तिथे विचारले की कोणत्या नियमाखाली द्यायचा ते लेखी आणा. कोणी उद्धटपणे बोलले नाही, हेही खरे. खुर्चीवरच्या माणसाकडे लेखी काही नसेल तर तो ‘हो’ म्हणायला घाबरणारच. महिना असा गेला आणि शेवटी मोटार घरमालकाच्या पुतण्याच्या नावावर घेतली गेली. प्रामाणिकपणे नाव लावू पाहणाऱ्या माणसांना आपण दुसऱ्याच्या नावाआड जायला लावले, याचे मला फार वाईट वाटले.

आधारचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. मालकी बदलण्यासारखी कामे 2021 पासून आधार पडताळणीवर घरबसल्या होऊ लागली. आपल्या लोकांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण हळूहळू आधार नाही म्हणजे काम होत नाही, असा समज खिडकीच्या दोन्ही बाजूंना पक्का झाला. प्रत्यक्षात आधारविना कागद समोर ठेवून काम करण्याची वाट खुली आहे. आधारही परदेशी माणसाला मिळू शकते. मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेला परदेशी नागरिक कायद्याने ‘रहिवासी’ ठरतो आणि नोंदणी करू शकतो. पण जो दर वेळी पाच महिन्यांसाठी येतो त्याचे तेवढे दिवस भरतच नाहीत. नेमका हाच वर्ग गोव्यात मोठा आहे.

विमा कंपन्यांचेही चुकते, आणि मी याच धंद्यात असल्यामुळे ते लिहिणे माझे कर्तव्य समजते. जानेवारी 2023 पासून कोणतीही नवी पॉलिसी काढताना केवायसी सक्तीची आहे. पासपोर्ट हा त्यासाठी मान्य दस्तऐवज आहे. पण ज्या पोर्टलवर आम्ही पॉलिसी काढतो त्यांतल्या काहींचे पहिले पान पॅन किंवा आधार विचारते आणि पासपोर्टचा पर्याय निवडला तरी परदेशी क्रमांकाची अक्षरे-आकड्यांची मांडणी स्वीकारत नाही. लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’ असे येते आणि पान पुढे सरकत नाही. मग शाखेत मेल टाका, स्कॅन पाठवा, मंजुरी येईपर्यंत थांबा. तोवर पाहुणा विम्याविना गाडी फिरवत असतो. अशा वेळी काही प्रतिनिधी घरमालकाचे किंवा एखाद्या ओळखीच्याचे नाव घालून पॉलिसी काढून मोकळे होतात. माझ्या सहकाऱ्यांना कळकळीने सांगते, हे करू नका. आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या, गाडी चालवतो तिसरा, असा दावा माझ्या अनुभवात कधीच सरळ मंजूर झालेला नाही.

याच्याच जोडीला आणखी एक प्रकार वाढला आहे. विकायची भानगड नको म्हणून घरमालक खोलीबरोबर आपली घरची पांढऱ्या पाटीची मोटार किंवा स्कूटर महिन्याच्या भाड्याने देतात. भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, वेगळा परवाना आणि वेगळी पॉलिसी लागते. खासगी पॉलिसीत ‘भाड्याने देण्यासाठी नाही’ असे स्पष्ट छापलेले असते. अपघातानंतर पाहुणा पोलिसांना सरळ खरे सांगतो की मी महिन्याला इतके पैसे देतो, आणि तो जबाब कागदावर आला की कंपनी हात वर करते. खोल्या देणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेक बायकांना हे कलम माहीत नाही. त्यांच्या घराचा खर्च त्या चार खोल्यांवर चालतो. एका अपघाताने त्यांची आयुष्यभराची कमाई जाऊ शकते.

माझी मागणी साधी आहे. राज्याच्या वाहतूक खात्याने परदेशी नागरिकाच्या नावावर वाहन नोंदवण्यासाठी आणि हस्तांतरित करण्यासाठी लागणाऱ्या कागदांची एकच यादी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत परिपत्रक म्हणून काढावी आणि प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर लावावी. पत्त्याचा वेगळा पुरावा शोधण्याची गरजच नाही. परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला याची माहिती घरमालकाला चोवीस तासांत ऑनलाइन द्यावीच लागते, ज्याला इथे सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बऱ्याच जणांना त्यावर विदेशी नोंदणी कार्यालयाकडे नोंदही करावी लागते. म्हणजे सरकारकडे पत्ता आधीच आहे. तोच वाहतूक खात्याने ग्राह्य धरावा. हस्तांतरणाच्या वेळी परवान्यावरचा वाहनाचा प्रकार आणि त्याची मुदत तपासावी. आणि व्हिसाची अखेरची तारीख वाहनाच्या नोंदीत घालावी, म्हणजे पाहुणा जाण्याआधी गाडी विकली गेली, कोणाकडे ठेवली की तशीच सोडून दिली, हे विचारायला कोणीतरी असेल. पावसाळ्यात हरमल-मोरजीच्या आडवाटांवर गंजत पडलेल्या बेवारस दुचाक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याची गरज समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, परदेशी लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला, त्यांना गाडी घेऊच देऊ नका. हे म्हणणे मी म्हापशाच्या बाजारात अनेकदा ऐकले आहे आणि वाहतूक कोंडीने जेरीस आलेल्या माणसाचा राग मला कळतो. पण बंदी नाही आणि व्यवहार तर रोज होतच आहेत. नाव लागले नाही म्हणून एकही गाडी रस्त्यावरून कमी झालेली नाही. नाव लागले नाही म्हणून फक्त जबाबदार माणूस कागदावरून गायब झाला आहे आणि त्याच्या जागी आपला मास्तर उभा आहे.

परिपत्रक निघेल तेव्हा निघेल. तोवर विकणाऱ्यांनी आपली काळजी घ्यावी. गाडी विकल्याचे कळवण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावरही आहे. राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत फॉर्म 29 तुम्ही स्वतः द्यायचा असतो. तो कोरा ठेवून एजंटच्या हाती देण्यासाठी नाही. त्याची पोच घ्या, आणि आरसीवर नाव बदललेले दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण नुसते कळवल्याने जबाबदारी सुटत नाही. चावी त्यानंतर द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्यात बसत नाही. परदेशी पाहुण्याला बँकेत एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे रुपयातले, खाते उघडून पैसे बँकेतून देता येतात, अगदी सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीवर आलेल्यालाही. ज्यांना हे सगळे निस्तरणे शक्य नाही त्यांनी अधिकृत जुन्या वाहनांच्या डीलरकडेच गाडी द्यावी. एप्रिल 2023 पासून नियम असा आहे की नोंदणीकृत डीलरला गाडी दिल्याचे फॉर्म 29 सी मध्ये ऑनलाइन कळवले की तेव्हापासून तोच गाडीचा मालक मानला जातो आणि पुढचे सारे त्याच्यावर. चार पैसे कमी मिळतील, पण मिळालेले पैसे आपले राहतील. डीलरकडे अधिकृत प्रमाणपत्र आहे की नाही, ते मात्र आधी मागून बघा. रस्त्याकडेला ‘बाइक फॉर सेल’ची पाटी लावलेला प्रत्येकजण डीलर नसतो.

आणि ज्यांनी मागच्या काही वर्षांत असे सही केलेले फोल्डर देऊन गाडी विकली आहे त्यांनी आज संध्याकाळी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर आपला जुना नंबर घालून बघावा. नाव अजून आपले दिसत असेल तर वाहतूक कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत जोडून लेखी कळवावे, पोच सांभाळून ठेवावी. तिथेच विम्याची मुदतही दिसते. ती संपली असेल तर नाव बदलेपर्यंत निदान थर्ड पार्टी पॉलिसी चालू राहील अशी व्यवस्था आपल्या विमा प्रतिनिधीशी बोलून लगेच करावी. माझ्याकडे कोणी आले तर कागद बघून देण्याचे मी काही घेणार नाही.

आपली,
एक विमा प्रतिनिधी,
म्हापसा, बार्देश